काजू बागायतदारांना खुलं पत्र : बागेत माकड मेलं तर आधी फोन करा

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या काजू बागायतदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

दत्तजयंती झाली, गावागावच्या जत्रा सुरू झाल्या. काजूला मोहोर येऊ लागला आहे. बेणणीला माणसं मिळतील का, ढेकण्या किडीवरची फवारणी कधी घ्यायची, यंदा बियांना काय दर मिळेल, हे सगळं तुमच्या डोक्यात असणार. मीही बागायतदाराचीच मुलगी. या दिवसांत घरात काय बोलणी चालतात ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. पण याच दिवसांत कलमांखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांत, गोचिडी नाचणीच्या दाण्याएवढ्या होतात आणि पार मे महिन्यापर्यंत माणसाला चावत राहतात. माकडताप माणसात येतो तो या दाण्याएवढ्या जिवातून. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. काजू पडायला लागल्यावर लिहिलं तर तुम्हाला वाचायला वेळ नसेल आणि मला समजावायला.

मी आरोग्यसेविका. नोकरीची बरीच वर्षं दोडामार्ग तालुक्यातल्या एका उपकेंद्रात गेली. निवृत्त झाल्यापासून वेंगुर्ल्याला राहते. इथे समुद्राकाठी माकडताप कुणाच्या बोलण्यात नसतो. पण मार्च लागला की आमच्या खाडीकडच्या वाडीतून पहाटे टेम्पो सुटतो आणि त्यातून बायका काजू वेचायला वर, घाटाच्या पायथ्याशी जातात. काजूचे तीन महिने हीच त्यांची वर्षाची शिल्लक. मुलांच्या वह्या-दप्तरं, पावसाळ्याची बेगमी, गणपतीचा खर्च, सगळं त्यातून. दोन वर्षांमागे त्यातल्या एकीला मी विचारलं, ‘बागेत शिरण्याआधी अंगाला लावायला तेल देतात का?’ तिला वाटलं मी खोबरेल तेलाचं विचारते आहे. माकडतापासाठी वेगळं तेल असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाच वर्षं ती काजूत जात होती.

२०१६ च्या सुरुवातीला दोडामार्गात हा ताप आला. त्याच्या आदल्या वर्षी तो पलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यात आला होता. तिथेही तो काजूत काम करणाऱ्यांनाच झाला होता. आपल्याकडे पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या बाजूला उतरला. पहिल्या वर्षी आम्हा कर्मचाऱ्यांनाही त्याचं नाव धड माहीत नव्हतं.

तेव्हाची एक गोष्ट सांगते. साधारण चाळिशीची एक बाई उपकेंद्रात आली. तापाचा तिसरा दिवस. डोळे लाल, अंग इतकं दुखत होतं की बाकावर नीट टेकता येत नव्हतं. ‘बाई, डोक्यात घण पडतत,’ म्हणाली. मी नेहमीप्रमाणे मलेरियासाठी बोटाचं रक्त काचेवर घेतलं, पॅरासिटामॉल दिली, पाणी भरपूर पी म्हटलं. पावसाळा असता तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका तरी आली असती, पण ते दिवस कोरडे होते. निघताना ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, ‘बागेत माकड मेलेला, तेचो वास अजून नाकातसून जाणा नाय.’ मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माकडाचा आणि तापाचा संबंध काय, असंच तेव्हा मनात आलं. खरं तर तिच्या आजाराचं निदान त्या एका वाक्यात होतं आणि ते माझ्या कानावरून गेलं. आजही त्याची रुखरुख आहे.

पाचव्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा घरच्यांनी तिला गोव्यात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. ती वाचली. घरी आली, काही दिवस बरी होती, आणि तिसऱ्या आठवड्यात ताप पुन्हा चढला. मी भेटायला गेले तेव्हा पडवीत बसली होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता आणि तरी चहा बशीत सांडत होता. हातांचा कंप जायला पावसाळा उजाडला. तो अख्खा सीझन तिचा बुडाला.

मग कळलं ते असं. माकड मेलं तेव्हा बागमालकाने गड्याला सांगून त्याला दोरी बांधली आणि ओढत नेऊन व्हाळात, म्हणजे ओढ्यात टाकलं. कुणाला कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कलमाखाली वेचणी सुरू झाली. ज्या वाटेने माकड ओढलं होतं, त्याच वाटेने बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ये-जा करत होत्या. तो मालक काही वाईट माणूस नव्हता. दवाखान्याच्या गाडीचे पैसे त्यानेच भरले. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत व्हावं म्हणून आम्हीही त्याच्यापर्यंत पोहोचलो नव्हतो. आज मात्र माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

विषाणू आपल्या पायांनी कुठे जात नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं, आणि प्रत्येकाची वाट ठरलेली असते. डेंग्यूला दिवसा चावणारा डास लागतो, काही काविळी घाण पाण्यातून येतात, कोरोना श्वासातून आला. माकडतापाचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, पण तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. १९५७ मध्ये कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने पडू लागली. आधी संशय आला पीतज्वराचा (यलो फीव्हरचा), कारण दक्षिण अमेरिकेत माकडं अशीच त्या रोगाने मरतात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोध घेतला तेव्हा हा निराळाच विषाणू निघाला. सरकारी कागदावर त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी म्हणतात ते त्या जंगलावरून.

गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते, आणि तिन्ही वेळा नव्या जनावराचं. पावसाळ्याच्या शेवटी अंड्यातून निघालेली पिल्लं उंदीर, खारी, पक्षी, माकडं यांच्यावर चढतात. रक्त पिऊन खाली पडतात, कात टाकतात आणि थंडीत मधल्या अवस्थेत येतात. माणसाला चावते ती मुख्यतः या अवस्थेतली. पूर्ण वाढ झाली की ती गुरांवर जाते. गुरांना हा ताप येत नाही, पण त्यांच्या रक्तावर पोसून ती पुढच्या वर्षाची अंडी घालते. एकदा विषाणू तिच्या अंगात गेला की कात टाकली तरी तो जात नाही. माकड मात्र त्याच्यापुढे टिकत नाही, मग ते लाल तोंडाचं असो की काळ्या तोंडाचं वानर. विषाणू त्याच्या रक्तात बेसुमार वाढतो आणि अंगावरच्या गोचिडी तेच रक्त पितात. माकड मरून थंड पडलं की त्या एकेक करून उतरतात आणि भोवतीच्या पातेऱ्यात पसरतात. तिथे काही न खाता त्या कितीतरी दिवस दबा धरून राहतात. म्हणजे मेलेलं माकड उचलून नेलं तरी धोका त्या जागेवरच राहतो. पत्रातलं बाकी काही विसरलात तरी एवढं विसरू नका.

आता तुमच्या मनातलं बोलते. माकडांचा तुम्हाला किती जाच आहे हे मी जाणते. केळी ठेवत नाहीत, शहाळी ठेवत नाहीत, कौलं फोडतात. एखादं मेलं तर सुटलो असं वाटणारच, आणि त्याचा गवगवा कशाला करायचा, असंही. उद्या आरोग्य खात्याची गाडी दारात आली तर गडीमाणसं कामावर येणार नाहीत, ही भीती तर मी कितीतरी घरांत ऐकली आहे. दुसरीकडे याच्या अगदी उलट घडतं. मारुतीरायाचा अंश म्हणून लोक मेलेल्या माकडाला आंघोळ घालतात, हार घालतात, खांद्यावरून नेतात. एका वाडीत हे मी स्वतः पाहिलं. म्हाताऱ्या मंडळींनी पुढे होऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पोरांनी पायांवर डोकं ठेवलं. त्यांची श्रद्धा खरी होती, मी तिचा अनादर करणार नाही. पण ते डोकं टेकलं ती जागा गोचिडीसाठी सगळ्यात सोयीची. नमस्कार लांबून करा. देवाला तो पोहोचतो.

तर बागेत, पाणंदीत, व्हाळाकाठी, कुठेही माकड मेलेलं दिसलं किंवा सुस्त, एका जागी बसून राहिलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका, पुरू नका, ओढू नका. आशाताईला, आरोग्य केंद्राला, वन खात्याला, ज्याचा नंबर जवळ असेल त्याला त्याच घडीला कळवा. जनावरांचे डॉक्टर तपासणीसाठी नमुने घेतात, मग त्याची विल्हेवाट लावतात, आणि त्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत पाच टक्के मॅलेथिऑनची भुकटी मारतात. तोवर चार काठ्या रोवून सुतळी बांधा आणि गुरं-माणसं आत जाऊ देऊ नका. आरोग्य कर्मचारी ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत त्या कलमांखालची काजू राहू द्या. कोरड्या दिवसांत पडलेली बी लगेच खराब होत नाही. काही किलोंचं नुकसान होईल, झालं तर. त्या जागेतला पातेरा मात्र भाजावळीला किंवा गोठ्यात अंथरायला अजिबात नेऊ नका. गोचीड घरी आणायचा तो सरळ रस्ता आहे.

आता पुढचं मागणं, आणि पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. माकडतापापासून वाचायचं कसं, याची पत्रकं दरवर्षी निघतात. बाह्या लांब घाला, तेल लावा, घरी गेल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. सगळं बरोबर आहे, मीही तेच वाटत फिरले. पण ते सगळं वेचणाऱ्या बाईला उद्देशून लिहिलेलं असतं. तिचा दिवस बघा. पहाटे चारला उठून भाकऱ्या, सातला बागेत, संध्याकाळी सहाला सुटका, अंधार पडताना घरी. घरी विहिरीवरून पाणी ओढायचं आणि चुलीवर एकच भांडं बसतं. ती आधी भात शिजवते. पोरं, नवरा, सासू जेवतात. मग गरम पाण्याची आंघोळ करायला ना सरपण उरतं ना ताकद. तशीच ती आडवी होते आणि बागेतून मांडीला, काखेला चिकटून आलेली गोचीड रात्रभर रक्त पीत राहते. आम्ही तिला सांगितलं आणि आमचं काम संपलं, असं होऊन बसलं होतं. काजूत कोण जातं, किती वेळ बसतं, कधी सुटतं, हे सगळं ठरवता तुम्ही.

म्हणून मजुरी न कापता तिला अर्धा-पाऊण तास लवकर सोडा. तुमच्या पंपघराशी पाणी आहे, सुकलेली लाकडं आहेत. शक्य असेल तर तिथे एक मोठा टोप चुलीवर ठेवा आणि आडोशाला चार पत्रे लावा. तिथेच हातपाय धुऊन, कपडे झाडून, एकमेकींची मान-पाठ-केस बघून मग टेम्पोत बसता येईल. दूरवरून येणाऱ्यांना याचा फार उपयोग होईल. दोन बागायतदारांनी मिळून केलं तर खर्च नावालाही जाणवणार नाही.

तेलाचं सांगते. डीएमपी किंवा डेपा नावाचं तेल असतं. त्याच्यामुळे गोचीड अंगावर टिकत नाही. सीझनआधी आरोग्य केंद्रात मागणी नोंदवा, मजुरांची संख्या लिहून द्या, आणि आणायला तुमचा माणूस पाठवा. बायकांना मजुरी बुडवून रांगेत उभं करू नका. बागेत शिरण्याआधी हात, पाय, मान, कानामागे लावायचं. डोळ्यांना, तोंडाला, जखमेला नाही. घामाने ते ओसरतं, म्हणून सकाळचं तेल संध्याकाळपर्यंत पुरत नाही, जेवणानंतर पुन्हा लावावं लागतं. जेवण्याआधी हात साबणाने धुवायचे, म्हणजे बागेत साबणाची वडी हवी. या वडीचा विसर सगळ्यांना पडतो.

आपल्याकडे बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, ते चांगलंच आहे. त्यात खाली सलवार किंवा लेगिंग आणि ते मोज्यात खोचलेलं, एवढी भर घातली की पाय झाकले जातात. कपडे फिक्या रंगाचे असले तर वर चढणारी गोचीड दिसते. मोज्यांच्या जोड्या तुम्ही घेऊन द्या. आणि जेवायला, दुपारी घटकाभर पडायला कुणालाही पातेऱ्यात बसू देऊ नका. आपल्याकडे चिऱ्यांना काय तोटा? सहा चिरे मांडून त्यावर फळी टाकली की झालं, भोवतीचा पातेरा लांब ओढून टाकायचा.

चिकटलेली गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल ओतायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही, आणि बोटांत चिरडायची तर मुळीच नाही. मग ती जागा आणि हात साबणाने धुवायचे. ती जितकी लवकर निघेल तितकं बरं.

एवढं करूनही ताप येऊ शकतो. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत तो अचानक चढतो. डोकं फुटतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात, डोळे लाल होतात. डिसेंबर ते मे या काळात काजूत किंवा रानात गेलेल्या माणसाला असा ताप आला तर अंगावर काढू देऊ नका. पहिल्या दिवसांतच रक्त तपासणीला जायला हवं. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते हे, ‘मी काजूत जाते, आणि आमच्या भागात माकड मेलं होतं.’ मी एकदा हे वाक्य सोडून दिलं, दुसऱ्या कुणी सोडू नये. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून घेऊ नका. त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. या विषाणूवर थेट औषध नाही, पण वेळेवर सलाईन, रक्तदाबावर लक्ष, चांगली शुश्रूषा मिळाली तर बहुतेक जण बरे होतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात, आणि उशीर झालेल्यांना धोका जास्त. कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जात होती, ती कमी पडू लागली म्हणून बंद झाली. नव्या लशीवर काम चालू आहे. ती येईपर्यंत आपल्याकडे तेल, कपडे, गरम पाणी आणि तुमचा फोन एवढंच आहे.

आणि आजारी माणसाला वाळीत टाकू नका. कोरोनात आपण वेशीवर बांबू बांधले, मुंबईहून आलेल्या आपल्याच चाकरमान्यांना शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवलं. श्वासातून पसरणाऱ्या रोगात अंतर ठेवावंच लागतं. पण तीच सवय इथे आली तर घरच्या बाईचे हाल होतील. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. एका घरी मी पाहिलं, ताप आलेल्या सुनेला पाणी द्यायला कुणी खोलीत जात नव्हतं, आणि त्याच घरातला मुलगा दुपारी गोठ्यासाठी रानातून पातेऱ्याचे भारे आणत होता. मी सुनेच्या उशाशी बसले आणि त्याला आधी तो भारा बाहेर टाकायला लावला.

२६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा होईल. तोवर काजू पडायला सुरुवात झालेली नसते, सगळे घरी असतात. त्या सभेत तीन गोष्टींचा ठराव घ्या. मेलेल्या माकडाची खबर कुणाला द्यायची त्याची नावं आणि नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवायचे. तेलाची मागणी सगळ्या बागायतदारांनी मिळून एकाच कागदावर करायची. आणि वेचणीचे दिवस संपेपर्यंत गावातली प्रत्येक बाग संध्याकाळी साडेपाचच्या आत सोडायची, पूर्ण मजुरी देऊन. एकट्याने लवकर सोडलं तर शेजारचा नाराज होतो, सगळ्यांनी ठरवलं तर कुणाला बोलायला जागा उरत नाही.

ज्या गावाला हवं असेल तिथे मी सभेला येईन. गोचीड कशी दिसते हे दाखवायला काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवलेल्या काही माझ्याकडे आहेत. त्या मी बरोबर आणीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
वेंगुर्ले